आधी त्याची तीन वर्षांची नोकरी लिहा, मग बाकीचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध दक्षिण अशा यादवी युद्धावर (१८६१ ते १८६५) पानभर मजकूर आला होता, त्यात खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट होती, 'पुरुषवेषात लढलेली आयरिश तरुणी'. चार-पाच ओळी आणि एक जुना फोटो. त्या ओळींत वेषांतर, गुपित, गुपित कसं फुटलं आणि लोकांना कसा धक्का बसला एवढंच होतं. तो शिपाई, म्हणजे अल्बर्ट कॅशियर, कुठल्या पलटणीत होता, कुठे लढला, किती वर्षं नोकरी केली, त्याचा एक शब्द नाही. मी चौकट दोनदा वाचली, पुढच्या पानावर काही उरलंय का म्हणून पुरवणी उलटून पण पाहिली, काही नव्हतं. म्हणून हे पत्र लिहितोय. पत्र मोठं झालंय, पण जमलं तर अख्खं छापा ही विनंती, कारण जागा कमी पडली की पलटणीचं नाव आधी उडतं आणि वेषांतर तेवढं शिल्लक राहतं.

मी स्वतः इन्फंट्रीत १७ वर्षं काढलीत. लढाई थोडी पाहिली, चालणं, वाट बघणं, पावसात मोर्चात बसणं आणि कागद रंगवणं मात्र भरपूर पाहिलं. त्यामुळे एखाद्या शिपायाबद्दल वाचताना माझं पहिलं लक्ष त्याच्या सर्व्हिसकडे जातं. भरती कधी झाली, डिस्चार्ज कधी मिळाला, मधे काय काय झालं. या माणसाची सर्व्हिस एवढी स्वच्छ आहे की ती न लिहिता नुसतं 'वेष' लिहिणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मी रागाने नाही, मनापासून सांगतोय.

आता त्याच्याबद्दल ('तो' का लिहितोय ते पुढे सांगतो). जन्माचं नाव जेनी हॉजर्स. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर लाउथ काउंटीत क्लॉगरहेड म्हणून मासेमारीचं एक गाव आहे, तिथला जन्म, साल १८४३, दिवस नाताळचा सांगतात. १८४५ मधे आयर्लंडात बटाट्याच्या पिकावर रोग पडला, तेव्हा हे मूल दोन वर्षांचं सुद्धा नव्हतं. पुढच्या सात वर्षांत जवळपास १० लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्या लोंढ्याच्या मागेपुढे कधीतरी हे पोर समुद्र ओलांडून अमेरिकेत आलं. शाळा नाही, लिहिता वाचता येत नव्हतं, कागदावर सहीच्या जागी फुली मारायची. ही फुली लक्षात ठेवा. या युद्धात हजारो शिपायांनी घरी पत्रं लिहिली, डायऱ्या लिहिल्या, त्यांच्यावर पुस्तकं निघाली, पण या शिपायानं स्वतःच्या हातानं एक ओळ मागे ठेवलेली नाही कारण ती ठेवता येत नव्हती. जे काही आपल्याला कळतं ते पलटणीच्या रेकॉर्डवरून आणि सोबत्यांच्या जबान्यांवरून.

६ ऑगस्ट १८६२ ला इलिनॉय राज्यातल्या बेल्व्हिडिअर गावात त्यानं भरतीच्या कागदावर फुली मारली, नाव लिहवलं अल्बर्ट डी. जे. कॅशियर. वय १९ लिहवलं, उंची भरली पाच फूट तीन इंच. लिंकननं त्याच उन्हाळ्यात आणखी ३ लाख माणसं मागितली होती, गावोगाव भरती चालू होती आणि डॉक्टरला एका एका पोराकडे बघायला वेळ कुठला. नंतर सोबत्यांनीच सांगितलंय की मेडिकलमधे कपडे उतरवायला लावले नाहीत, हात-पाय दाखवले की झालं. बंदुकीचा घोडा ओढायला बोटं आहेत ना, चालायला पाय आहेत ना, आणि पुढचे दात आहेत ना, कारण काडतूस कागदाचं असायचं आणि ते दातांनी फाडून मग दारू नळीत ओतायची. ९५वी इलिनॉय इन्फंट्री, कंपनी जी. रॉकफर्डच्या कॅम्प फुलरमधे ट्रेनिंग झालं आणि पलटण दक्षिणेकडे निघाली, उत्तरेचा सेनापती ग्रँट याच्या फौजेत.

तुमच्या मुख्य लेखात एक वाक्य होतं की आयरिश लोक पोटासाठी भरती झाले. यावर थोडं बोलायचंय. खोटं नाहीये ते. साध्या शिपायाचा पगार महिना १३ डॉलर होता, १८६४ मधे तो १६ झाला, वर भरतीचा बोनस मिळायचा, आणि शहरातल्या गोदीवर नाहीतर रेल्वेच्या खोदकामावर राबणाऱ्या आयरिश माणसाला ही रक्कम लहान नव्हती. पण पोटासाठी गेला म्हणून लढला कमी असं कुठे असतं? मी पण पोटासाठीच भरती झालो होतो, माझ्या बरोबरची निम्मी पोरं त्याच कारणानं आली होती, आणि जेव्हा वेळ आली तेव्हा कोण कशासाठी आलं होतं हे कुणी विचारलं नाही.

उत्तरेच्या फौजेत आयर्लंडात जन्मलेले सुमारे दीड लाख लोक होते. त्यांची गोष्ट सांगताना सगळे जण आयरिश ब्रिगेडचंच सांगतात, तुम्ही पण तेच सांगितलंत, हिरवा झेंडा, त्यावर सोनेरी वीणा, ब्रिगेडचा सेनापती थॉमस फ्रान्सिस मार, आणि १३ डिसेंबर १८६२ ची फ्रेडरिक्सबर्गची लढाई. सांगायलाच पाहिजे ते, दगडी भिंतीमागून गोळ्या येत असताना उघड्या उतारावर चढलेले सुमारे १२०० जण आणि त्यातले ५४५ मेले, जखमी झाले नाहीतर हरवले, ही काय साधी गोष्ट नाही, आणि भिंतीपलीकडून गोळी घालणाऱ्यांत पण आयरिश होते म्हणजे दोन्हीकडून एकाच मातीचे. पण आयरिश सैनिकांतले बहुतेक जण हिरव्या झेंड्याखाली नव्हतेच. ते कुठल्याही राज्याच्या कुठल्याही साध्या पलटणीत, शेतकऱ्यांच्या पोरांमधे मिसळून गेलेले होते. कॅशियर त्यांतला. त्याच्या कंपनीत तो आयरिश म्हणून कुणी वेगळा काढलेला नव्हता, ठेंगणा आणि गप्प म्हणून होता.

आणि जुलै १८६३ चं न्यूयॉर्क पण लपवू नका. सक्तीच्या भरतीची चिठ्ठी निघाली, ३०० डॉलर भरले की सुटका असा कायदा होता, म्हणजे श्रीमंत घरी आणि गरीब खड्ड्यात. त्याचा संताप झाला तो समजतो. पण तो संताप काळ्या लोकांवर निघाला, निरपराध माणसांना दिव्याच्या खांबांना लटकवलं, काळ्या अनाथ मुलांचा आश्रम जाळला, शंभरावर माणसं गेली, आणि त्या जमावात आयरिश पुष्कळ होते. त्याच महिन्याच्या ४ तारखेला कॅशियरची पलटण विक्सबर्गच्या वेशीवर शरणागती बघत उभी होती. एकाच समाजातले लोक त्याच आठवड्यांत या दोन्ही जागी होते, आणि दोन्ही लिहायला हवं असं माझं मत.

विक्सबर्गबद्दल मात्र मी थोडा थांबणार आहे, कारण त्याची सर्व्हिस इथेच खरी मोजता येते.

मिसिसिपी नदीच्या वळणावर उंच कड्यावर हे शहर. जोपर्यंत ते दक्षिणेकडे आहे तोपर्यंत नदी बंद. ग्रँटनं मे १८६३ मधे वेढा घातला. आधी १९ मेला हल्ला केला, जमला नाही, परत २२ मेला सगळ्या आघाडीवर एकदम चढवला. ९५वी इलिनॉय दोन्ही दिवशी पुढे होती. तिथली जमीन म्हणजे नुसत्या घळी, वर चढायचं तर समोरून, बाजूनं गोळ्या, झाडं तोडून त्यांचे फांद्यांचे शेंडे आपल्याकडे करून पाडलेले, त्यात पाय अडकतो. २२ तारखेच्या एका दिवसात उत्तरेची ३००० वर माणसं मेली, जखमी झाली नाहीतर हरवली. आणि पडलेले तिथेच राहिले. दोन तटांच्या मधे, मे महिन्याच्या दक्षिणेकडच्या उन्हात, तीन दिवस. शेवटी वास दोन्ही बाजूंना असह्य झाला तेव्हा आतल्या सेनापतीनंच, पेम्बर्टननं, निरोप पाठवला की तुमची माणसं उचला. २५ मेला काही तास बंदुका खाली ठेवल्या, उत्तरेचे निळे आणि दक्षिणेचे करडे युनिफॉर्मवाले दोघं मधल्या जमिनीवर आले, खड्डे खणले, म्हणतात की ओळखीपाळखीच्या गप्पा पण झाल्या, आणि मग सगळे आपापल्या खंदकात जाऊन परत बंदूक रोखून बसले.

हे मी का एवढं सांगतोय? कारण त्या दिवसांत कंपनी जीमधे हा पाच फूट तीन इंचाचा शिपाई होता. चार किलोच्या वर वजनाची बंदूक, कमरेला ४० राउंडांची पेटी, पाठीवर बोजा. एक राउंड भरायचा तर बंदूक जमिनीवर उभी धरून कागदी काडतूस दातानं फाडायचं, दारू ओतायची, गोळी ढकलायची, गज काढून ठासायचं, गज परत जागेवर, घोड्याखाली ठिणगीची बारीक तांब्याची टोपी बसवायची, मग नेम. मिनिटाला तीन झाले तर शिपाई तयार समजायचे. आणि ती बंदूक उभी केली तर जवळपास त्याच्या हनुवटीपर्यंत येत असणार! दारूनं ओठ काळे, तोंडाला कोरड. हे काम वेषानं होत नाही हो. हे हातानं होतं आणि रोज सराव करून होतं.

त्याच वेढ्याच्या काळातली गोष्ट सोबत्यांनी सांगितलेली आहे. टेहळणीला गेलेला कॅशियर शत्रूच्या हातात सापडला. पहारेकऱ्याची बंदूक हिसकावली, त्याला आडवा पाडला आणि पळत सुटला तो थेट आपल्या लाइनीत. आणखी एक सांगतात, झेंडा गोळीनं खाली आला तेव्हा झाडावर चढून परत बांधला. म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत थोडं मीठमसाला असतोच, पण पलटणीत अशा गोष्टी कुणाच्याही नावावर खपत नाहीत. ज्याच्याबद्दल लोकांना भरवसा असतो त्याच्याच नावावर त्या चिकटतात, हे मी अनुभवानं सांगतो.

विक्सबर्ग पडलं. पुढच्या वसंतात लुईझियानात रेड रिव्हर नदीकाठची मोहीम, ती फसली, चालणं फक्त झालं. आणि मग जून १८६४.

१० जून, मिसिसिपीमधलं गनटाउन, इतिहासात ब्राइसेस क्रॉसरोड्स म्हणतात. उत्तरेची फौज ८ हजारांच्या आसपास, समोर दक्षिणेचा घोडदळाचा सेनापती फॉरेस्ट, त्याच्याकडे निम्म्याहून कमी. आकड्यावरून कुणीही म्हणेल की जिंकलो. पण आदल्या पावसानं रस्ते चिखलाचे, वर जूनचं ऊन, पायदळाला पुढच्या घोडदळाच्या मदतीला जवळजवळ पळवत आणलं, माणसं धापा टाकत पोचली आणि तशीच लाइनीत उभी केली. काही तर पोचायच्या आधी रस्त्यातच उष्माघातानं पडली. ९५व्या पलटणीचा कर्नल थॉमस हम्फ्री मारला गेला. त्याच्या जागी आला तो कप्तान जखमी झाला. त्यानंतर कमान घेतली कप्तान बुशनं, हा कॅशियरच्या स्वतःच्या कंपनी जीचा कप्तान, तो पण गेला. एका दुपारी तीन कमांडर. मागे ओढ्यावरचा पूल गाड्यांनी अडलेला, माघारीचा पळ झाला, उत्तरेची २ हजारांवर माणसं गेली, बहुतेक कैदी झाली. जी उरली ती मेम्फिसच्या दिशेनं दिवसरात्र चालत.

ज्या सैनिकाचा कप्तान गेलाय आणि कर्नल गेलाय त्याचे पुढचे काही दिवस कसे जातात ते कागदावर येत नाही. हजेरी घेताना नावं गाळत जावी लागतात. नवीन साहेब येतो, त्याला कुणाची नावं माहीत नसतात. मी एकदा फक्त एक सीनिअर गमावला होता, तर महिनाभर फॉल-इनला उभं राहिलं की डोळे त्याच जागेवर जायचे. कॅशियर त्या माघारीतून चालत परत आला आणि पलटण सावरल्यावर परत तिच्याबरोबर निघाला. डिसेंबर १८६४ मधे नॅशव्हिलची लढाई, १८६५ च्या वसंतात अलाबामात मोबाइलची मोहीम. १७ ऑगस्ट १८६५ ला स्प्रिंगफील्डच्या कॅम्प बटलरमधे पलटण मोडली, सगळ्यांना डिस्चार्ज. तीन वर्षं आणि अकरा दिवस. पायी, बोटीनं आणि रेल्वेनं मिळून ही पलटण ९००० मैलांच्या वर फिरली होती.

एक आकडा मुद्दाम देतो. ९५व्या इलिनॉयची एकूण २८९ माणसं या नोकरीत गेली. त्यातली गोळीनं आणि जखमांनी ८४. रोगानं २०५. हगवण, टायफॉइड, मलेरिया, गोवर. म्हणजे या युद्धात जगणं म्हणजे नुसतं गोळी चुकवणं नव्हतं, त्याच गढूळ पाण्यात, त्याच ओल्या तंबूत तीन वर्षं टिकून राहणं होतं, आणि हे एवढं सगळं स्वतःला कुणापुढे उघडं न करता. आजारी पडलो आणि डॉक्टरनं तपासलं तर तिथेच नोकरी संपली. या युद्धात दोन्हीकडे मिळून अशा चारएकशे स्त्रिया पुरुषांच्या नावानं भरती झाल्या असाव्यात असा अंदाज आहे, पुष्कळ जणी जखमी झाल्यावर किंवा आजारपणात उघड झाल्या आणि घरी पाठवल्या गेल्या. कॅशियरनं पूर्ण मुदत काढली.

युद्धानंतर तो इलिनॉयमधेच राहिला, १८६९ च्या सुमाराला सॉनेमिन नावाच्या छोट्या गावात आला आणि चाळीस वर्षं तिथेच काढली. शेतावर मजुरी, चर्चची झाडलोट, दफनभूमीतलं काम, संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावायचे. एका खोलीचं घर होतं, मालकानं बांधून दिलेलं. निवडणुकीत मत द्यायचा, आणि हे लक्षात घ्या की इलिनॉयच्या बायकांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत मिळालं १९१३ मधे. माजी सैनिकांच्या मिरवणुकीला युनिफॉर्म घालून जायचा.

पेन्शनचा भाग ज्यांनी पेन्शनीसाठी चपला झिजवल्यात त्यांना लगेच समजेल. १८९० मधे अर्ज केला होता पण त्यासाठी मेडिकल लागायचं आणि मेडिकलला तो तयार झाला नाही. म्हणजे हक्काचे पैसे समोर होते आणि सोडून दिले. १९०७ मधे वयावर पेन्शन देणारा कायदा आला, बासष्ट पूर्ण झाले की महिना १२ डॉलर, तेव्हा कुठे त्याला मिळायला लागली. लढाई संपून ४२ वर्षं झाली होती.

त्याच्या एक वर्ष आधी, १९०६ मधे, विक्सबर्गला इलिनॉय राज्यानं मोठं स्मारक उभं केलं. वर चढायला ४७ पायऱ्या, वेढ्याच्या एकेका दिवसाची एक. आत ब्राँझच्या पाट्यांवर ३६,३२५ नावं. त्यात अल्बर्ट डी. जे. कॅशियर हे नाव आहे, आणि तेव्हा तो माणूस जिवंत होता, सॉनेमिनमधे दिवे लावत होता.

१९११ मधे ज्याच्याकडे तो काम करायचा त्याच्या मोटारीचा धक्का लागून पाय मोडला. डॉक्टरला कळलं. डॉक्टर गप्प राहिला, मालक गप्प राहिला, दोघांनी मिळून त्याला क्विन्सीच्या सोल्जर्स होममधे जागा मिळवून दिली, अल्बर्ट कॅशियर याच नावानं. त्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. पण १९१४ मधे मन भ्रमलंय म्हणून त्याला वॉटरटाउनच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात हलवलं. आणि तिथे सत्तरीच्या त्या म्हाताऱ्याला स्कर्ट घालायला लावला. आयुष्यभर पँटमधे चाललेला माणूस, त्यात एक पाय आधीच मोडून बसलेला. स्कर्टमधे पाय अडकून पडला, कमरेचं हाड गेलं, त्यातून तो परत नीट उठला नाही. ब्राइसेस क्रॉसरोड्सवरून चालत आलेला माणूस कापडात पाय अडकून पडला. हे वाक्य लिहिताना मी पेन खाली ठेवला होता.

दरम्यान पेपरांत सगळं आलं होतं आणि पेन्शन खात्याला शंका आली. शंका पण साधी सरळ, की पेन्शन घेणारी ही व्यक्ती खरंच तो शिपाई आहे का, की खऱ्या कॅशियरच्या नावावर दुसरंच कुणी पैसे उचलतंय. चौकशी बसली. तेव्हा पलटणीतले जे म्हातारे हयात होते त्यांच्या जबान्या घेतल्या. काही जण तर प्रत्यक्ष जाऊन ओळख पटवून आले. विचार करा, पन्नास वर्षं झालेली, ज्याला आपण तंबूतला पोरगा म्हणून ओळखतो तो समोर पलंगावर बाईच्या कपड्यांत. त्यांना म्हणता आलं असतं की आम्हाला फसवलं. वेळ तशीच होती, पेपर तेच म्हणत होते. त्यांनी शपथेवर सांगितलं की हाच तो, आमच्या कंपनीतला, दाढी येत नव्हती, जरा एकटा राहायचा, पण कामात कुणाच्या मागे नाही, लढाईत मागे फिरला नाही. एका सार्जंटनं तर त्याला पाहून आल्यावर हळहळून सांगितलं की विक्सबर्गला मी जो निडर पोरगा सोडून आलो होतो त्याचं त्या सक्तीच्या स्कर्टानं काय करून ठेवलंय. खात्यानं मान्य केलं. पेन्शन चालू राहिली. संपादक साहेब, तुमच्या चौकटीत धक्का बसलेले लोक आहेत, हे म्हातारे कुठेच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वात मोठी माणसं ही आहेत.

आता भाषेचा मुद्दा, कारण तुम्ही 'ती लढली', 'तिनं फसवलं' असं लिहिलंय. मराठीत हा पेच मोठा आहे, क्रियापदच सांगतं गेला की गेली, मधला रस्ता नाही, काहीतरी एक लिहावंच लागतं. मी 'तो' लिहितोय. त्याचं कारण असं की भरतीच्या कागदावर तो आहे, हजेरीपटावर तो आहे, डिस्चार्जवर तो आहे, पेन्शनच्या फाइलवर तो आहे, सोबत्यांच्या तोंडी शेवटपर्यंत तो आहे. युद्ध संपल्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती, गाव बदललं तेव्हा नाव पण बदलता आलं असतं, बदललं नाही, आणखी ४५ वर्षं तसाच जगला. माझ्या घरात यावर वाद झाला, माझी सून म्हणते की एका बाईनं एवढं केलं हे 'ती' लिहिल्याशिवाय मुलींना कळणार कसं. तिच्या म्हणण्यात वजन आहे आणि म्हणूनच जेनी हॉजर्स हे नाव मी वर सुरुवातीलाच लिहिलंय, लपवलेलं नाही. पण 'फसवलं' हा शब्द मात्र मागे घ्या. कुणाला फसवलं? सरकारनं तीन वर्षांची नोकरी मागितली, त्यानं तीन वर्षांची नोकरी दिली.

१० ऑक्टोबर १९१५ ला तो गेला. माजी सैनिकांच्या संघटनेनं, ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिकनं, सगळं केलं. युनिफॉर्म घातला, लष्करी मानवंदना दिली, सॉनेमिनला नेऊन पुरलं. मागे थोडेसे पैसे होते, त्यांचा वारस शोधता शोधता नऊ वर्षं गेली आणि त्या शोधात क्लॉगरहेड आणि जेनी हॉजर्स हे नाव पक्कं लागलं. १९७० च्या दशकात गावकऱ्यांनी दुसरा दगड बसवला, त्यावर दोन्ही नावं आहेत. पण पहिला दगड सोबत्यांनी बसवलेला, अजून आहे, त्यावर फक्त नाव, कंपनी आणि पलटण.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या रविवारी तोच फोटो परत छापा, तरुणपणचा, युनिफॉर्ममधला, चौकट पण तेवढीच असू दे. ओळी चार पुरतील, भरती, विक्सबर्ग, गनटाउन, डिस्चार्ज, तारखा मी वर दिल्यात. आणि फोटोखाली मथळा नको, पहिल्या दगडावर जे कोरलंय तेच द्या, अल्बर्ट डी. जे. कॅशियर, कंपनी जी, ९५ इलिनॉय इन्फंट्री.

आपला,
एक निवृत्त हवालदार आणि तुमचा जुना वाचक